गरीब व होतकरू

गेल्या सप्टेंबर महिन्यात आपल्या महाविद्यालयाच्या फिल्म मंडळाने ‘किलर्स किस’ हा जुना अमेरिकन चित्रपट दाखवला. मोठ्या हॉलच्या पिवळट पडलेल्या भिंतीवर, सरांच्या लॅपटॉपवरून, आणि पंखे बंद करून. कारण पंखे चालू असले की संवाद ऐकू येत नव्हते. चित्रपटानंतर चर्चा झाली. त्या चर्चेला मी हजर नव्हतो (का नव्हतो ते पुढे येईलच), पण तिचा निष्कर्ष दुसऱ्या दिवशी मंडळाच्या फळ्यावर खडूने लिहिलेला वाचला : ‘एका होतकरू तरुण दिग्दर्शकाचा अल्प खर्चातील प्रारंभिक प्रयत्न. पुढील महान कलाकृतींची चाहूल.’

माझा वाद या ‘होतकरू’ शब्दाशी आहे. वाद घालणाऱ्याचा अधिकार काय, असे कोणी विचारील. अधिकार एवढाच की हा शब्द मी आठवीपासून अंगावर वागवतो आहे. ‘गरीब व होतकरू विद्यार्थ्यांनी अर्ज करावेत’ अशी सूचना निघाली की आमच्या शाळेतले गुरुजी आधी माझ्याकडे पाहत. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. वडील बाजार समितीत हमाली करतात, आई दुसऱ्याच्या रानात भांगलायला जाते. त्यामुळे ‘गरीब’ सिद्ध करणे सोपे होते; उत्पन्नाचा दाखला जोडला की झाले. ‘होतकरू’चा दाखला मात्र कोणत्याच कचेरीत मिळत नाही. पुढे कधी तरी कोणी तरी होशील, या बोलीवर आज मदत मिळते. शब्दातच ‘होणे’ आहे. म्हणजे आज तू कोणी नाहीस, हे त्यात धरून चाललेले असते. मदत करणाऱ्यांविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे. तक्रार शब्दाची आहे, आणि तो शब्द एका चित्रपटाच्या कपाळी मारलेला पाहिला तेव्हा ती बोलून दाखवावी असे वाटले.

ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. ‘किलर्स किस’ १९५५ साली प्रदर्शित झाला. कृष्णधवल, लांबी अवघी ६७ मिनिटे, स्थळ न्यूयॉर्क शहर. दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक. जन्म १९२८चा, म्हणजे त्या वेळी तो सव्वीस-सत्तावीस वर्षांचा होता. कथा त्याची, छायाचित्रण त्याचे, संकलनही त्याचेच. चित्रपट ज्या जातीचा आहे तिला ‘फिल्म न्वार’ म्हणतात. हे नाव फ्रेंचांनी दिले. महायुद्धाच्या काळात फ्रान्समध्ये अमेरिकन चित्रपट पोचत नव्हते. युद्ध संपल्यावर ते एकदम आले, आणि गुन्हा, रात्र, फसवणूक, अर्धवट उजेडातले चेहरे यांची त्यांतली गर्दी पाहून नीनो फ्रँक या समीक्षकाने १९४६ साली त्यांना ‘काळा चित्रपट’ असे म्हटले. त्याच चालीतला हा एक.

डेव्ही गॉर्डन नावाचा एक मुष्टियोद्धा आहे. त्याच्या खोलीच्या समोर, मधल्या चौकापलीकडे, ग्लोरिया नावाची मुलगी राहते. ती टाइम्स स्क्वेअरजवळच्या ‘प्लेझरलँड’ नावाच्या नाचघरात काम करते. त्या काळी तिकडे अशी नाचघरे असत. गिऱ्हाइकाने तिकीट घ्यायचे आणि एका तिकिटावर मुलीने त्याच्याबरोबर एक नाच करायचा. नाचघराचा मालक व्हिन्सेंट रॅपॅलो याला ती हवी आहे. डेव्ही आणि ग्लोरिया शहर सोडून जायचे ठरवतात, व्हिन्सेंट आडवा येतो, चुकीचा माणूस मारला जातो, मग पाठलाग आणि मारामारी. कथा एवढीच, आणि ती फारशी नवी नाही हे मी आधीच कबूल करतो.

आता कुब्रिक. याच्याविषयी आपल्याकडे जे बोलले जाते त्यात दोन गोष्टींची सरमिसळ होते. एक म्हणजे तो कॉलेजात टिकला नाही आणि तरीही मोठा झाला. हे खरे आहे. शाळेतले त्याचे गुण बेताचेच होते. १९४५ साली तो शाळेतून बाहेर पडला तेव्हा युद्धावरून परतलेल्या सैनिकांनी कॉलेजे भरून गेली होती आणि त्याला प्रवेश मिळाला नाही. काही दिवस तो संध्याकाळच्या वर्गांना गेला. पण त्याच वर्षी, रूझवेल्ट अध्यक्ष वारले त्या दिवशी, मृत्यूच्या मथळ्यांमध्ये खिन्न बसलेल्या एका वृत्तपत्रविक्रेत्याचे छायाचित्र त्याने काढले, आणि ‘लुक’ या मोठ्या सचित्र नियतकालिकाने ते विकत घेतले. तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. पुढल्याच वर्षी तो ‘लुक’मध्ये छायाचित्रकार म्हणून लागला. तेथेच त्याने वॉल्टर कार्टियर या मुष्टियोद्ध्यावर चित्रलेख केला, आणि १९५१ साली त्याच माणसावर ‘डे ऑफ द फाइट’ नावाचा छोटा माहितीपटही काढला. तात्पर्य, डेव्ही गॉर्डनच्या खोलीत कॅमेरा शिरला तेव्हा तो तेथे पहिल्यांदा आलेला नव्हता. सामन्याच्या दिवशी असा माणूस सकाळपासून काय करतो, वेळ कसा काढतो, आरशात कसा पाहतो, हे कुब्रिकने काही वर्षे जवळून पाहिले होते.

दुसरी गोष्ट पैशांची. चर्चेत ‘अल्प खर्च’ या गोष्टीचे बरेच कौतुक झाले असे ऐकले. ‘तुम्हां मुलांनी यातून शिकावे’ असेही कोणी म्हणाले. चित्रपटाला सुमारे ७५ हजार डॉलर लागले. हॉलिवुडच्या मानाने ही रक्कम किरकोळ होती. पुढच्याच वर्षी कुब्रिकने काढलेल्या ‘द किलिंग’ला सुमारे ३ लाख २० हजार लागले. पण तेव्हाच्या सामान्य माणसाच्या खिशाच्या मानाने ७५ हजार म्हणजे मोठीच रक्कम. ती आली कोठून? त्याच्या आधीच्या ‘फिअर अँड डिझायर’ (१९५३) या पहिल्या चित्रपटाला पैसे दिले मामाने. मार्टिन पर्व्हेलर हे त्यांचे नाव, औषधांच्या दुकानांचे मालक. ‘किलर्स किस’ला पैसे दिले मॉरिस बोसेल यांनी, तेही ब्रॉन्क्समधले औषधविक्रेतेच. (अमेरिकन चित्रकलेचा हा औषधी इतिहास कोणी तरी लिहायला हवा.) वडील डॉक्टर, मुलगा तेरा वर्षांचा असताना त्यांनी त्याला चांगला कॅमेरा घेऊन दिला होता.

हे मी कुब्रिकला कमी लेखण्यासाठी सांगत नाही. मामाने दिलेल्या पैशाचे ओझे काय असते हे मला माहीत आहे. माझी वसतिगृहाची अनामत मामानेच भरली आहे. पण आमच्यासारख्यांना ‘पाहा, त्यानेही गरिबीतून केले’ असा दाखला देण्यासाठी हा चित्रपट वापरू नये. तो गरीब नव्हता. त्याचा चित्रपट गरीब होता. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि दुसरीविषयी बोलण्यासारखे पुष्कळ आहे.

उदाहरणार्थ आवाज. चित्रीकरणाच्या जागीच ध्वनिमुद्रण करायचे असा आधीचा बेत होता. पण मायक्रोफोनची सावली प्रकाशयोजनेत येऊ लागली. कुब्रिक मुळातला छायाचित्रकार. त्याने प्रकाश ठेवला आणि ध्वनी काढून टाकला. सगळा चित्रपट मुका चित्रित झाला आणि संवाद मागाहून बसवण्यात आले. त्याचा परिणाम भिंतीवर स्पष्ट दिसतो. माणसे फार कमी बोलतात. पावलांचे आवाज जरा जास्तच स्वच्छ येतात. शहर भोवती उकळते आहे आणि माणूस काचेच्या पेटीत आहे असे वाटत राहते. हा दोष आहे की गुण? चर्चेत तो दोष ठरला म्हणे. मला विचाराल तर डेव्हीच्या एकटेपणाचा अर्धा भाग या दोषातूनच तयार झाला आहे. अर्थात ते ठरवून झाले असा माझा दावा नाही. आमच्या घरात दिवा एकच होता म्हणून सगळे एकत्र बसत. ते काही कुटुंबप्रेमाने ठरवलेले नव्हते. पण बसत होतो हे खरे.

दुसरे उदाहरण रस्त्यांचे. कुब्रिकजवळ स्टुडिओत टाइम्स स्क्वेअर उभारण्याइतके पैसे नव्हते, म्हणून तो कॅमेरा घेऊन खऱ्याच टाइम्स स्क्वेअरवर गेला. दुकानांच्या काचा, दिव्यांच्या पाट्या, रात्री हिंडणारी, आपले चित्र निघते आहे याची कल्पनाही नसलेली माणसे, हे सारे जसेच्या तसे आले. चित्रपटाची सुरुवात आणि शेवट जेथे होतो ते पेनसिल्व्हेनिया स्टेशन १९१० साली उघडलेले भव्य बांधकाम होते. १९६३ साली ते पाडायला सुरुवात झाली. आज ते पाहायचे तर अशा चित्रपटांतच. तिकिटावर नाचणाऱ्या मुलींची ती नाचघरेही गेली.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. या चित्रपटातला सर्वांत चांगला भाग कोणता? बहुतेक जण पुतळ्यांच्या गोदामातली मारामारी सांगतात. ती विलक्षण आहेच. दुकानात कपडे घालून उभे करतात तसले शेकडो उघडे पुतळे, टांगलेले हात, सुटी डोकी. एकाच्या हातात कुऱ्हाड, दुसऱ्याच्या हातात लांब दांडा. आणि माणसे एकमेकांवर पुतळे फेकताहेत. ते पाहताना हसू येते आणि भीतीही वाटते. पण मला विचाराल तर चित्रपटाचा जीव पहिल्या अर्ध्या तासात आहे, जेव्हा जवळजवळ काहीच घडत नाही.

डेव्ही खोलीत आहे. संध्याकाळी सामना आहे. तो आरशासमोर उभा राहून स्वतःचा चेहरा तपासतो. नाक, गाल, हनुवटी, घरातले सामान शाबूत आहे का पाहावे तसा. मग मासळीच्या काचेच्या भांड्यात खाणे टाकतो आणि भांड्यातून त्याचा चेहरा वाकडातिकडा दिसतो. खिडकीतून समोरच्या मुलीकडे पाहतो. तीही कधी त्याच्याकडे पाहते. दोघांची ओळख नाही. खाली उतरताना दोघे एकाच वेळी दारातून बाहेर पडतात, ती व्हिन्सेंटच्या मोटारीत बसते, तो भुयारी रेल्वेने जातो. गाडीत काकांचे पत्र वाचतो. मग कपडे बदलायची खोली, हाताला पट्ट्या, तोंडाला व्हॅसलीन. टेलिव्हिजनवरचा निवेदक सांगतो त्यावरून कळते की हा एके काळी फार आशा असलेला खेळाडू होता, पण हनुवटी कच्ची, आणि मोठ्या सामन्यात नेमका हरतो. म्हणजे डेव्ही गॉर्डनसुद्धा होतकरूच! फक्त त्याची मुदत संपलेली आहे.

सामना सुरू होतो. कॅमेरा दोरांच्या आत आहे. इकडे डेव्ही मार खातो आहे, तिकडे नाचघराच्या कचेरीत व्हिन्सेंट ग्लोरियाला जवळ घेऊन तोच सामना टेलिव्हिजनवर पाहतो आहे. एक ठोसा, एक चुंबन, पुन्हा ठोसा. डेव्ही पडतो. घरी येतो. दूर सिअॅटलहून काकांचा फोन येतो : घोड्यांच्या कुरणावर ये, इथे राहा. कोणीही त्याला रागावत नाही, सांत्वनाचे भाषणही करीत नाही. हरलेल्या माणसाच्या खोलीत जी शांतता असते ती मी ओळखतो.

माझे धाकटे चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, पूर्वी कुस्ती करीत. जत्रेच्या फडात नारळावरच्या कुस्तीपासून त्यांनी सुरुवात केली आणि पंचक्रोशीत नाव काढले. ‘पोरगं होतकरू आहे’ असे तालमीतले वस्ताद म्हणत, आणि त्या एका वाक्यावर आमच्या आजोबांनी दुभती म्हैस विकून दोन वर्षे त्यांच्या खुराकाचा खर्च चालवला. चोविसाव्या वर्षी खांदा निखळला. आता तात्या हंगामात साखर कारखान्यावर पहारेकरी असतात. अजूनही सकाळी भिंतीवरच्या टीचभर आरशासमोर उभे राहून मान डावीकडे-उजवीकडे वळवून पाहतात. कशासाठी ते मला कधी कळले नव्हते.

दिवाळीच्या सुटीत मित्राच्या फोनवर मी त्यांना हा पहिला अर्धा तास दाखवला. इंग्रजी त्यांना समजत नाही. मी अधूनमधून सांगत होतो. आरशाच्या प्रसंगाला त्यांनी मला ‘थांब’ म्हणून हाताने खुणावले. सामना सुरू व्हायच्या आधीच म्हणाले, “ह्यो गडी रिंगणात शिरायच्या आधीच हरलाय की रं.” मग खुर्चीवर बसलेल्या डेव्हीच्या खांद्यांकडे बोट दाखवून, “खांदं बघ त्याचं,” एवढेच. ते पुढे काही बोलले नाहीत. सामना संपल्यावर गुरांकडे जायला उठले.

तात्यांनी एकदाही विचारले नाही की हा चित्रपट काढणारा पुढे कोण झाला. ‘पाथ्स ऑफ ग्लोरी’ (१९५७) किंवा ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ (१९६८) ही नावे त्यांनी ऐकलेली नाहीत. त्यांना ‘चाहूल’ लागली नाही. समोर होते ते दिसले. आपल्या चर्चेत मात्र साऱ्यांनी पुढचा कुब्रिक डोक्यात ठेवूनच भिंतीकडे पाहिले, आणि प्रत्येक प्रसंगाला विचारले, तू पुढे कशात उपयोगी पडलास? क्षणभर समजा, पैसे फेडता न आल्याने कुब्रिक १९५५ सालीच पुन्हा छायाचित्रांकडे वळला असता. ही ६७ मिनिटे तीच राहिली असती. डेव्हीची भूमिका करणारा जेमी स्मिथ पुढे तारा झाला नाही. ग्लोरिया झालेली आयरीन केन पुढे अभिनयाकडून लेखनाकडे गेली, क्रिस चेस या नावाने पत्रकार आणि लेखिका झाली. त्यांच्या कामाला कोणी चाहूल म्हणत नाही. मग त्यांचे काम पाहायचे की नाही?

चित्रपट निर्दोष आहे असे मला म्हणायचे नाही. मधला भाग ढिला आहे. ग्लोरिया आपल्या बापाची आणि बहिणीची लांबलचक कहाणी सांगते आणि पडद्यावर तेवढा वेळ एकटी नर्तकी बॅले करीत राहते. ही नर्तकी म्हणजे रूथ सोबोट्का, कुब्रिकची तेव्हाची पत्नी. नाच सुंदर आहे, पण कथा तेथे उभी राहते आणि वाट पाहते. दोन दारुडे डेव्हीचा गळपट्टा पळवतात, तो त्यांच्यामागे धावतो, आणि नेमक्या त्या वेळी त्याचा व्यवस्थापक तेथे उभा असल्याने व्हिन्सेंटचे गुंड चुकून त्यालाच बोळात नेऊन मारतात. हा योगायोग मला ओढून आणलेला वाटला. उलट व्हिन्सेंट झालेल्या फ्रँक सिल्व्हेराचे काम सर्वांत पक्के आहे. खलनायक असूनही तो प्रेमात पडलेला, वय उलटत चाललेला, स्वतःचीच लाज वाटणारा माणूस वाटतो.

ग्लोरियाविषयी आमच्या गावच्या, अर्थशास्त्र घेतलेल्या मैत्रिणीने एक वाक्य टाकले ते मला खोडता आले नाही. ती म्हणाली, “सगळे तिच्यासाठी भांडतात, पण तिला स्वतःचा आवाजच नाही.” मागाहून मी वाचले तेव्हा कळले की हे अक्षरशः खरे आहे! संवाद बसवण्याच्या वेळी आयरीन केन येऊ शकली नाही, म्हणून पेगी लॉबिन या दुसऱ्याच अभिनेत्रीने ग्लोरियाला आवाज दिला. म्हणजे बहिणीची ती कहाणी ऐकताना शरीर एकीचे, आवाज दुसरीचा आणि नाच तिसरीचा. मैत्रिणीला हे सांगितले तर म्हणाली, “बघ, मला काही वाचावं लागलं नाही.”

आता मी चर्चेला का नव्हतो ते. चित्रपट चार वाजता सुरू व्हायचा होता. लॅपटॉपची जोडणी जमेना म्हणून चार चाळीसला सुरू झाला. आमच्या बाजूची शेवटची एस.टी. पावणेसहाला सुटते. पाच पस्तीसला आम्ही अकरा जण अंधारात चपला शोधत बाहेर पडलो. त्या वेळी भिंतीवर काय चालले होते? ग्लोरियाला व्हिन्सेंटने एका माळ्यावर कोंडून ठेवलेले आहे. डेव्ही तिला सोडवायला आला आणि स्वतःच मार खाऊन पडला आहे. ग्लोरिया जिवाच्या भीतीने व्हिन्सेंटला विनवते आहे की डेव्ही माझा कोणी नाही, मला मारू नकोस, तू म्हणशील ते करीन. डेव्ही बेशुद्धीचे सोंग घेऊन हे सारे ऐकतो आहे. आणि मग तो उठतो, आणि तिला तेथेच सोडून खिडकीची काच फोडून पळतो. येथे आमचा चित्रपट संपला.

एस.टी.त अर्धा तास त्यावरच वाद. डेव्ही जिवंत राहतो हे आम्हांला ठाऊक होते, कारण चित्रपटाच्या सुरुवातीलाच तो स्टेशनवर येरझाऱ्या घालीत ही गोष्ट सांगतो आहे. प्रश्न एवढाच की ती येते का. एक जण म्हणाला, येणार, सिनेमा आहे. दुसरा म्हणाला, तिने त्याला नाकारलेले त्याने ऐकले, तो वाट तरी का पाहतोय? मैत्रीण म्हणाली, “तो तिला टाकून पळाला ते तिनंही बघितलंय. ती का यावी?” शेजारी बसलेल्या बाजारच्या बायाही ऐकत होत्या, त्यांतल्या एकीने विचारले, “कुनाच्या घरचं हाय ह्ये?”

शेवटची बारा मिनिटे मी चार दिवसांनी मित्राच्या फोनवर पाहिली. गच्च्यांवरचा पाठलाग, पुतळे, व्हिन्सेंटचा अंत, आणि मग पुन्हा स्टेशन. गाडीची वेळ झाली आहे. ती येणार नाही अशी डेव्हीची खात्री झाली आहे. आणि ती धावत येते, मिठी, समाप्त. हा गोड शेवट वितरकांना, म्हणजे युनायटेड आर्टिस्ट्स कंपनीला, हवा होता. चित्रपट त्यांनीच विकत घेतला, आणि पैसे परत करायचे असलेला तरुण दिग्दर्शक तेथे काय बोलणार? मी त्याला दोष देत नाही. पण माळ्यावर दोन माणसांनी एकमेकांना टाकून स्वतःचा जीव वाचवला, हे इतक्या उघडपणे दाखवल्यावर ती मिठी उरत नाही. दोघांनी जे केले ते भ्यालेली माणसे करतातच, आणि चित्रपट त्यांना त्याबद्दल शिक्षा करीत नाही, हेच तर त्याचे धैर्य होते. शेवट मात्र ते घडलेच नाही असे समजतो. आम्ही अकरा जण गाडीसाठी उठलो आणि नकळत अधिक चांगला चित्रपट पाहून गेलो, असे माझे प्रामाणिक मत आहे.

एक आक्षेप येईल याची कल्पना आहे. स्वतः कुब्रिकच या चित्रपटाकडे शिकाऊ काम म्हणून पाहत असे. आधीचा ‘फिअर अँड डिझायर’ तर लोकांनी पाहूच नये असे त्याला वाटे. मग आपण कशाला त्याची बाजू घ्यायची? तर तो त्याचा हक्क होता. स्वतःच्या पहिल्या कामाची लाज वाटणे हे करणाऱ्याला शोभते. माझ्या पहिल्या वर्षाच्या निबंधांच्या वह्या मी रद्दीत घातल्या. पण ज्या मॅडमनी त्या बसून तपासल्या त्यांनी ‘हा पुढे बरे लिहील’ एवढ्यावर समाधान मानले नाही, त्या दिवशीच्या निबंधाला त्या दिवशीचे गुण दिले. दहापैकी साडेचार होते.

मी ‘किलर्स किस’ला दहापैकी साडेसहा देईन. त्यांतले पाच पहिल्या अर्ध्या तासाचे.

पुढच्या सत्रात ‘द किलिंग’ दाखवणार असे फळ्यावर आहे. मंडळाला माझ्यासह एस.टी.ने येणाऱ्या अकरा जणांची विनंती आहे की तो तीन वाजता सुरू करावा आणि जोडणी अडीचलाच करून पाहावी. वक्त्याने आधी करावयाचे भाषण नंतर ठेवले तर फार बरे. ते ऐकायला आम्ही थांबू, गाडीला वेळ असेल तर.